नेट आणायला नेट हवं

मराठवाड्यातल्या ज्या पिढीने आडाचं पाणी प्यायलं, तिला गळ माहीत आहे. पाणी शेंदताना दोर तुटला की पोहरा तळाला जायचा. पोहऱ्याशिवाय पाणी निघत नाही आणि आडात उतरल्याशिवाय पोहरा निघत नाही, अशी कोंडी. मग आळीत ज्याच्याकडे गळ असेल त्याच्या घरी पोरगं पळायचं. लोखंडी आकड्यांचा तो झुपका दोराला बांधून खाली सोडायचा, चाचपत फिरवायचा, आणि पोहऱ्याची कडी अडकली की सावकाश वर ओढायची.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत, आणि वाशीसारख्या शेकडो तालुक्यांच्या गावांत, ही कोंडी आता नव्या रूपात भेटते. समजा, लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून तो दुकानात नेला. दुकानदाराने फॉरमॅट मारला, नवी विंडोज टाकली. घरी आणून उघडला तर यंत्र चपळ झालेलं, पडदा लख्ख. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात वायफायच्या पंख्याच्या जागी पृथ्वीचा गोल आणि त्यावर काट. घरातल्या मोबाइलवर त्याच वायफायवर व्हिडिओ सुरळीत चालतो आहे. लॅपटॉपला मात्र एकही नेटवर्क दिसत नाही, यादीच रिकामी. शोधाशोध केल्यावर कळतं की ‘ड्रायव्हर’ नाही. तो कुठे मिळतो? इंटरनेटवर.

पोहरा आडात पडला तो असा.

वाशी हे तालुक्याचं ठिकाण. सोलापूर-धुळे महामार्ग तालुक्यातून जातो, सरमकुंडीचा खवा आणि तेरखेड्याचे फटाके दूरवर जातात. पण लॅपटॉपचा बारीकसा भाग हवा असेल किंवा जाणता कारागीर हवा असेल, तर बहुतेकांना धाराशिव, बार्शी नाहीतर बीड गाठावं लागतं. त्याहून अवघड काम असेल तर पुण्याची तपकीर गल्ली. त्यात महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचा अर्ज, पीकविम्याची नोंद ही सगळी कामं तारखेला बांधलेली. शेवटच्या दोन दिवसांत लॅपटॉपचं नेट गेलं तर नुकसान खरं असतं. म्हणून हा विषय फक्त संगणकवाल्यांचा नाही. ज्याच्या घरात लॅपटॉप आहे त्या प्रत्येकाला तो ठाऊक असायला हवा, आणि तो समजायला अवघडही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फॉरमॅटनंतर वायफाय गेलं की बहुतेक वेळा कार्ड जळालेलं नसतं. काल संध्याकाळपर्यंत चालणारं कार्ड विंडोज बदलल्याने खराब होत नाही. हरवलेली असते ती कार्डाची आणि संगणकाची ओळख.

लॅपटॉपच्या पोटात वायफायचं एक छोटं कार्ड असतं. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत ते २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, म्हणजे टपाल तिकिटाएवढं. त्या कार्डाला संगणकाचं बोलणं कळावं आणि संगणकाला कार्डाचं, यासाठी मधे एक दुभाष्या लागतो. तोच ड्रायव्हर. याखेरीज कार्डाच्या स्वतःच्या चिमुकल्या मेंदूत भरायची एक आज्ञावली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. विंडोजमध्ये ती बहुधा ड्रायव्हरच्याच पुडीत बांधून येते. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीत ती वेगळी ठेवलेली असते, आणि तिच्यामुळे काय काय घडलं ते पुढे येईल.

इथे कोणालाही प्रश्न पडेल. नवी विंडोज टाकल्यावर कीबोर्ड चालतो, माउस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, मग वायफायनेच काय घोडं मारलं? कारण असं की कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह यांच्यासाठी संगणकाशी बोलायची एक सामाईक पद्धत ठरलेली आहे. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड लावा, तो तेच बोलतो. वायफायमध्ये हवेतली भाषा ठरलेली आहे. ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं, त्यामुळे एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या राउटरशी बोलू शकतं. पण कार्ड आणि संगणक यांच्यातल्या भाषेचं असं मानक झालं नाही. इंटेलचं कार्ड इंटेलच्या रीतीने बोलतं, रियलटेकचं रियलटेकच्या, मीडियाटेकचं आणखी तिसऱ्या. प्रत्येकाला आपापला दुभाष्या.

विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये असे पुष्कळ दुभाषे आधीच भरलेले असतात, पण ती आवृत्ती तयार झाली त्या दिवसापर्यंतचेच. दुकानातल्या पेनड्राइव्हवर २०१९ची विंडोज १० असेल आणि लॅपटॉपमध्ये त्यानंतर बाजारात आलेलं कार्ड असेल, तर ती विंडोज त्याला ओळखणार कशी? म्हणूनच जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज टाकली तर वायफाय अनेकदा आपोआप लागतं आणि नव्या लॅपटॉपवर जुनी टाकली तर अडतं. लोकांचा समज नेमका उलटा असतो.

काही ठिकाणी ‘लाइट’ नावाची छाटलेली विंडोज टाकून देतात. ती हलकी चालते, कारण कोणीतरी तिच्यातून बरंच काही काढून टाकलेलं असतं. त्यात ड्रायव्हर जातात, कधी वायफाय शोधणारी ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ ही सेवाच बंद केलेली असते. मग योग्य ड्रायव्हर टाकूनही यादी रिकामीच राहते. शिवाय अशा विंडोजमध्ये कोणी काय घुसवलं आहे हे कळायला मार्ग नाही. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर ती टाकू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

विंडोज ११ ने ही कोंडी आणखी घट्ट केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली तेव्हा तिच्या होम आवृत्तीत पहिली मांडणी पूर्ण करायलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागू लागलं. पुढच्या वर्षी प्रो आवृत्तीतही वैयक्तिक वापरासाठी तीच अट आली. ज्या यंत्राचं वायफाय ओळखलं गेलेलं नाही, ते नेटवर्क निवडायच्या पानावरच थांबतं. यादी रिकामी, पुढे जायचं बटण मिटलेलं. जिथे घराघरांत फायबर आणि हाताशी लॅनची केबल आहे, तिथे ही अट जाचत नसेल. ज्या घरी नेट म्हणजे एक मोबाइल, तिथे मात्र ती माणसाला अडवून ठेवते.

सुदैवाने गळ त्याच मोबाइलमध्ये आहे.

त्याचं नाव यूएसबी टिथरिंग. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जायचं आणि ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करायचं. लॅपटॉपला आता तो मोबाइल म्हणजे तारेने जोडलेलं नेटवर्क कार्ड वाटतं, आणि या प्रकारच्या जोडणीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. म्हणून वायफाय मेलेलं असताना हॉटस्पॉट कामाचा नाही, टिथरिंग कामाचं आहे. हॉटस्पॉट पकडायलाही लॅपटॉपला वायफायच लागतं, हे घाईत भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आणखी एक सोय अशी की बहुतेक अँड्रॉइड मोबाइल स्वतः घरच्या वायफायवर असतील तर टिथरिंगमधून तेच नेट पुढे देतात. मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. आयफोनला मात्र विंडोजवर आधी अ‍ॅपलची प्रणाली लागते, म्हणून या कामाला शेजाऱ्याचा अँड्रॉइड बरा. केबलसुद्धा पाहून घ्यावी. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत. अशा केबलवर टिथरिंगचा पर्याय उमटतच नाही.

नेट आलं की सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये जावं, अपडेट शोधू द्यावं, आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हरची यादी पाहावी. बऱ्याच लॅपटॉपचं दुखणं इथेच संपतं. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, एकदा रिस्टार्ट करायचं, कोपऱ्यात पंखा उमटतो.

तरीही काम झालं नाही तर अंदाजाने ड्रायव्हर टाकत सुटू नये. आधी यंत्राला विचारावं. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारली की ‘डिव्हाइस मॅनेजर’ दिसतो. त्यात तीनपैकी एक चित्र दिसेल, आणि तीन चित्रांचे रस्ते वेगळे आहेत. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली कार्डाचं नाव नीट दिसत असेल, तर ड्रायव्हर लागलेला आहे, दोष दुसरीकडे शोधायचा. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं मोघम नाव असेल आणि उघडल्यावर कोड २८ दिसत असेल, तर कार्ड जागेवर आहे, दुभाष्या नाही. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. आणि कार्डाचं नावच कुठे नसेल, तर संगणकाला कार्ड मुळात दिसत नाही.

पिवळ्या त्रिकोणाच्या बाबतीत एक खूण फार उपयोगी आहे. त्या नावावर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’, आणि तिथे ‘हार्डवेअर आयडी’. आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ दिसते. तिच्यात ‘व्हीईएन’ या तीन इंग्रजी अक्षरांपुढचे चार वर्ण म्हणजे कार्ड कोणाचं ते. ८०८६ असेल तर इंटेल. इंटेलचा १९७८चा गाजलेला प्रोसेसर याच आकड्याचा, म्हणून तो लक्षात राहतो. १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अ‍ॅथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. पुढे ‘डीईव्ही’नंतरचे चार वर्ण म्हणजे नेमकं मॉडेल. दुकानदाराने नुसतं ‘एचपीचा ड्रायव्हर टाकला’ किंवा ‘डेलचा टाकला’ म्हटलं तर ते पुरेसं नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसवलेली असतात. शेजाऱ्याच्या हुबेहूब तशाच लॅपटॉपचा ड्रायव्हर आपल्याला चालेलच असं नाही, याचं कारण हेच.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, यंत्राच्या पाठीवर छापलेला सीरियल क्रमांक टाकून; नाहीतर कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडून. टिथरिंग जमत नसेल तर मोबाइलवरच फाइल उतरवून केबलने लॅपटॉपवर घेता येते. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका टिचकीत’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रणालींच्या वाटेला जाऊ नये. त्यांतल्या अनेक ड्रायव्हरपेक्षा जाहिराती आणि नको ती सॉफ्टवेअरं जास्त भरतात, आणि नुकतंच स्वच्छ केलेलं यंत्र पुन्हा घाण होतं.

आता तिसरं चित्र, कार्डच न दिसणारं. इथे घाबरून नवं कार्ड विकत घेण्याआधी एक साधा उपाय करून पाहावा. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी आणि चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरावं. यंत्रात साचलेली वीज निघून जाते आणि अडकून बसलेलं कार्ड पुष्कळदा पुन्हा जागं होतं. कोड १० वरही हा इलाज लागू पडतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केलेला लॅपटॉप खरं तर अर्धवट निजलेला असतो. ती बंद करून ठेवली तर अशा कुरबुरी कमी होतात. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वायफाय बंद केलेलं नाही ना, आणि जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायफायची सरकती कळ असते ती सरकलेली नाही ना, हेही पाहावं. नव्या यंत्रांत हेच काम एखादी एफ-कळ करते, आणि विमानाच्या चित्राची ती कळ पुसताना चुकून दाबली जाते.

एका दोषाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो ओळखला जात नाही आणि त्याचा भुर्दंड ग्राहकाला बसतो. फॉरमॅट हल्ली एकटा क्वचितच होतो. लॅपटॉप हळू चालतो म्हटलं की जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवतात आणि मग विंडोज टाकतात. त्यासाठी पाठ उघडावी लागते. आत वायफायचं कार्ड आणि एसएसडीची जागा अनेकदा जवळजवळ असतात. कार्डाला दोन बारीक तारा आलेल्या असतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, आणि त्या शर्टाच्या टिचबटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. या अँटेनाच्या तारा. पडद्याच्या कडेपर्यंत गेलेल्या. हाताचा धक्का लागून त्यातली एखादी निघाली, तर ड्रायव्हर व्यवस्थित असतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव छान दिसतं, आणि तरीही रेंज मिळत नाही. राउटरच्या शेजारी बसलं तर एक-दोन काड्या, पलीकडच्या खोलीत शून्य. असं असेल तर दहा वेळा ड्रायव्हर बदलूनही काही होणार नाही. ज्याने पाठ उघडली त्यालाच ती पुन्हा उघडून तारा दाबून बसवायला सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे.

पंखा दिसतो, नेटवर्क सापडतं, जोडलंही जातं, पण ‘नो इंटरनेट’ असं येतं, ही तक्रार वेगळ्या घराण्यातली. तिथे पहिली नजर घड्याळावर टाकावी. फॉरमॅटनंतर विंडोज कधी अमेरिकेची वेळ धरून बसते. मदरबोर्डवरचा बटनसेल संपला असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. बँका, सरकारी पोर्टल, गुगल ही सगळी सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्राची मुदत तपासूनच दार उघडतात. संगणकाच्या मते आज २०१५ साल असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटणार. तारीख आणि भारताची वेळ लावली की बंद दारं उघडतात. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांचं घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकतं. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ, आणि दोन्हींतलं अंतर आपल्याकडे तेवढंच आहे.

घड्याळ ठीक असेल तर पत्ता पाहावा. नेटवर्कच्या तपशिलात आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. संगणकाने स्वतःच काहीतरी लावून घेतलं आहे. राउटर बंद-चालू करावा, नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावं. सेवा केंद्रं, पतसंस्था, शाळांची कार्यालयं इथे मात्र दुसरी शक्यता असते. तिथल्या संगणकांना कधी ठरावीक पत्ता हाताने घातलेला असतो, आणि फॉरमॅट मारताना तो पुसला जातो. अशा ठिकाणी जुन्या पत्त्यांचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला असता तर अर्ध्या दिवसाची रांग थांबली नसती. काही महाविद्यालयांत फक्त नोंदवलेल्या यंत्रांनाच नेट मिळतं. तिथे कार्ड बदललं असेल तर नव्या कार्डाची नोंद पुन्हा करावी लागते.

कधी सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त आपलं दिसत नाही. याचं उत्तर लहरींच्या पट्ट्यात आहे. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४चा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५च्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. स्वस्त लॅपटॉपमधली अनेक कार्डं फक्त २.४ ऐकतात, त्यांना ५चं नेटवर्क कधीच दिसणार नाही. दुसरं असं की २.४ मध्ये आपल्याकडे १३ वाहिन्या चालतात, अमेरिकेत ११ वापरतात. नव्या प्रणालीने देश अमेरिका धरला आणि राउटर बाराव्या किंवा तेराव्या वाहिनीवर असला, तर लॅपटॉप तिकडे कान देतच नाही. राउटरची वाहिनी १, ६ किंवा ११ केली की तो सापडतो. राउटरवर डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा लावलेली असेल आणि ड्रायव्हर जुना असेल तर पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. डब्ल्यूपीए२ चालू करून पाहावं.

आता लिनक्सकडे वळू, कारण येत्या काळात जुन्या लॅपटॉपवर ते जास्त दिसणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ थांबलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी यंत्रं नव्या विंडोजच्या उंबऱ्याबाहेर राहिली, आणि त्यांच्या मालकांपुढे लिनक्स हा चांगला पर्याय आहे. महाराष्ट्राला ते परकं नाही. २००० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्सने भारतीय भाषांतलं लिनक्स घडवायला घेतलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका रूपावर बेतलेलं ‘बॉस’ लिनक्स आणलं, त्यात मराठीही आहे. मेनूपासून सूचनांपर्यंत मराठी दिसावं यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षं विनामोबदला भाषांतरं केली.

पण पडदा मराठीत आला तरी वायफाय अडायचं. कारण फर्मवेअर. कार्डाच्या मेंदूत भरायची ती आज्ञावली कंपनी देते, पण तिचा मूळ मजकूर उघड करत नाही. डेबियनसारख्या प्रकल्पाचं तत्त्व होतं की ज्याचा मजकूर उघड नाही ते आपल्या अधिकृत प्रतीत ठेवायचं नाही. तत्त्व चांगलं, पण फळ असं की प्रणाली टाकताना पडद्यावर सूचना यायची: या कार्डाला फर्मवेअर हवं, ते दुसऱ्या पेनड्राइव्हवरून द्या. ज्याच्याकडे दुसरा संगणक नाही त्याने ते आणायचं कुठून? पुन्हा तोच आड, तोच पोहरा. ब्रॉडकॉमच्या कार्डांनी तर लिनक्सवाल्यांना वर्षानुवर्षं दमवलं. स्वयंसेवकांनी कार्डाच्या वागण्यावरून अंदाज बांधत ड्रायव्हर लिहिला, विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कातरून काढायचं साधन बनवलं. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या कार्डांसाठी स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला. डेबियनने २०२२ मध्ये सदस्यांचं मतदान घेतलं, आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागलं. तत्त्वाला मुरड घातली अशी टीका झाली. पण नेटशिवाय अडलेल्या माणसाला आधी दारात घ्यावं, मग तत्त्वाची चर्चा करावी, हा निर्णय योग्य होता.

आजची उबंटू किंवा मिंट ही रूपं इंटेलची बहुतेक कार्डं टाकल्याटाकल्या ओळखतात. रियलटेकची काही आणि जुनी ब्रॉडकॉम अजून छळतात. तिथेही गळ तोच: यूएसबी टिथरिंग, आणि मग ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ नावाची खिडकी. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर बसला तरी चालत नसेल, तर बायोसमधलं ‘सिक्युअर बूट’ त्याला अडवत असण्याची शक्यता मोठी. लिनक्सचा एक गुण मात्र विंडोजला नाही. ते यंत्रावर टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. वायफाय लागतं का ते पाहावं, लागलं तरच पुढे जावं.

आणि सगळेच उपाय थकले तर यूएसबीचं वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतं. घेताना ते ड्रायव्हरशिवाय चालतं का, हे विचारून घ्यावं. काही डोंगलं लावल्याबरोबर आधी सीडीसारखी दिसतात आणि त्यांच्या पोटातच ड्रायव्हर असतो. गावाकडे अशीच बरी.

गावापर्यंत तार आणायची मोठी योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. अमरावती जिल्ह्यातल्या हरिसालमध्ये २०१६ साली डिजिटल गावाचा प्रयोग झाला. पालघरच्या खेड्यांत आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट पोचवून दाखवलं. मैलोन्‌मैलांच्या या रस्त्याचा पुष्कळ विचार झाला. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचे शेवटचे दहा फूट मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेले आहेत. लॅपटॉपवर पडद्याचा आकार, प्रोसेसर, मेमरी ठळक छापतात. आतलं वायफाय कार्ड कोणतं, हे खोक्यावर सापडणं मुश्कील. ते छापलं पाहिजे. आणि वायफायचा ड्रायव्हर त्याच यंत्राच्या चिपमध्ये कायमचा ठेवणं कंपन्यांना अशक्य नाही. काही मेगाबाइटची तर गोष्ट आहे.

कंपन्या करतील तेव्हा करतील. तोवर घरच्या घरी करण्यासारखं एक काम आहे आणि ते फॉरमॅटच्या आधीचं आहे. सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, त्यात ‘ड्रायव्हरस्टोअर’, त्यात ‘फाइलरिपॉझिटरी’ असं एक फोल्डर असतं. त्या यंत्राला लागलेले सगळे ड्रायव्हर त्यात आहेत. ते अख्खं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. काही जीबी जागा पुरते. फॉरमॅटनंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणावर उजवी टिचकी, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, आणि ते फोल्डर दाखवायचं. विंडोज स्वतः त्यातून आपला दुभाष्या शोधून काढते, नेट लागत नाही. फॉरमॅट न करता नुसतीच नवी विंडोज वर टाकली असेल, तर सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ नावाचं फोल्डर उरतं आणि जुने ड्रायव्हर त्यात सापडतात. काही दिवसांनी विंडोज ते स्वतःहून पुसते, म्हणून घाई करावी.

दुकानदार मंडळींनाही एक विनंती. ग्राहकाच्या हातात लॅपटॉप देण्याआधी त्याच्यासमोर तो वायफायला जोडून दाखवा, आणि त्याच्या ड्रायव्हरचं फोल्डर त्याच्याच डी ड्राइव्हवर ठेवून द्या. आणि वाचकहो, पुढच्या वेळी लॅपटॉप दुकानात नेताना पाठीवरच्या सीरियल क्रमांकाचा एक फोटो काढा, ते एक फोल्डर उतरवून घ्या, आणि दुकानातून निघण्यापूर्वी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा.